सरोवराकाठचा पंचनामा

गाणं म्हटलं की प्रेम हवं, विरह हवा, गेलाबाजार पाऊस तरी हवा. 'स्मोक ऑन द वॉटर'मध्ये यातलं काहीही नाही. डीप पर्पल या इंग्लिश बँडचं हे गाणं म्हणजे सरळ पंचनामा आहे. अमुक गावी अमुक कामासाठी गेलो, आग लागली, जागा जळाली, मग दुसरी शोधली. घटनास्थळ, साक्षीदार, नुकसान, सगळं जागच्या जागी. आरोपीचं नाव तेवढं नाही. कुणीतरी मूर्ख, एवढीच नोंद.

घटनास्थळ स्वित्झर्लंडमधलं, जिनिव्हा सरोवराकाठचं मॉन्ट्रो. तारीख 4 डिसेंबर 1971. तिथल्या कसिनोत अमेरिकन रॉक संगीतकार फ्रँक झापाचा कार्यक्रम रंगात आला असताना प्रेक्षकांतल्या एकाने छताकडे फ्लेअर गन, म्हणजे इशाऱ्याचा जळता गोळा उडवणारं पिस्तूल, झाडली आणि छत पेटलं. माणसं वाचली. गावच्या जॅझ महोत्सवाचा कर्ताधर्ता क्लॉड नोब्ज आतबाहेर धावत पोरांना बाहेर काढत होता. 'फंकी क्लॉड' म्हणून तो गाण्यात कायमचा जाऊन बसला. झापाची साडेसाती मात्र संपली नव्हती. वाद्यं जळाली, आणि आठवडाही उलटला नाही तोच लंडनमध्ये एकाने त्याला स्टेजवरून खाली ढकललं.

हिवाळ्यात कसिनो बंद झाला की त्या रिकाम्या हॉलमध्ये नवा अल्बम रेकॉर्ड करायचा, असा डीप पर्पलचा बेत होता. रोलिंग स्टोन्सची फिरती स्टुडिओ-गाडीही भाड्याने आणली होती. आता गाडी आहे आणि हॉल नाही! हॉटेलमधून मंडळी सरोवरावर पसरलेला धूर बघत बसली. बेस वाजवणारा रॉजर ग्लोव्हर पुढे एका सकाळी झोपेतून उठता उठता 'स्मोक ऑन द वॉटर' हे चार शब्द पुटपुटला म्हणे. हे तर नशापाण्याचं गाणं वाटेल, अशी शंका बँडमध्येच निघाली.

चाल त्याआधीच गावातल्या एका थिएटरात रेकॉर्ड झाली होती, आणि तो प्रसंग मला गाण्याइतकाच आवडतो. आवाजाने झोपमोड झालेल्या शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले. आत रिची ब्लॅकमोरची गिटार चालू, बाहेर पोलीस दार ठोठावताहेत, आणि सामान वाहणारी पोरं आतून दार रेटून उभी. टेक पुरा झाला तेव्हाच दार उघडलं. आपल्याकडे मंडपात रात्री दहाला पोलीस आले की आयोजक 'साहेब, हे शेवटचंच' म्हणतात, त्याच जातीचे हे लोक. उरलेला अल्बम त्यांनी बंद पडलेल्या ग्रँड हॉटेलच्या बोळात गाद्या लावून उरकला.

आता ती रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा. षड्ज, कोमल गंधार, शुद्ध मध्यम, आणि दुसऱ्या फेरीत क्षणभर डोकावून परतणारा तीव्र मध्यम. संपलं. दोन्ही मध्यम शेजारी आले की आपल्याला ललत राग आठवतो, पण नातं तेवढंच. गिटारच्या क्लासला जाणारं पोरगं पहिल्या काही दिवसांतच ही रिफ वाजवायला लागतं आणि बिल्डिंगभर ऐकवतं. आमच्या वरच्या मजल्यावरचा नेमका त्या तीव्र मध्यमाशी घसरतो. शिवाय ही रिफ दोन तारांवर एकदम वाजते, आणि बहुतेक जण ती प्लेक्ट्रमने, म्हणजे नखीने, खरडतात. ब्लॅकमोर दोन्ही तारा बोटांनी चिमटीत धरल्यासारख्या एकदम उचलतो, म्हणून त्याचे दोन स्वर एकाच क्षणी फुटतात. खरडलं की एक तार आधी, दुसरी मागून, आणि सगळा तोरा जातो. पण चुकीची वाजवली तरी ऐकणारा लगेच ओळखतो. मला वाटतं, गाणं टिकलं ते याच्या जोरावर. आगीची हकीकत ठाऊक नसलेल्यांनाही ती रिफ पाठ असते.

अल्बम मार्च 1972 मध्ये आला. सिंगल म्हणून, म्हणजे सुटं गाणं म्हणून, बँडने आधी काढलं ते 'नेव्हर बिफोर'. 'स्मोक ऑन द वॉटर' सिंगल म्हणून निघायला 1973 उजाडलं, आणि ते अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत चढलं. गिटारच्या दुकानात कुणी 'नेव्हर बिफोर' वाजवून बघतंय, असं मी तरी अजून ऐकलेलं नाही.