कोरडं बोअर आणि कार्प क्लिफ

नामिबियात बोअरवेलचं काम करतो म्हटलं की घरचे विचारतात, वाळूत पाणी लागतं का रे? वाळूत नाही, इथे कुईसेब नदीच्या वरच्या भागात कुईसेब शिस्ट आहे, अभ्रकाने चमचमणारा, दिसायला देखणा आणि पाणी द्यायला महाकंजूष खडक, भेग सापडली तर पाणी नाहीतर बोंब. दर मीटरला निघालेली भुकटी ओळीने ढीग करून मांडायची, ओल लागली की रंग गडद होतो, मग हवेच्या झोताबरोबर पाणी उसळतं. त्या दिवशी 100 मीटरपर्यंत सगळे ढीग सारखेच राखाडी. जागा पाणाड्याने दाखवलेली (हो, इथेही असतात!). मी म्हणत होतो नदीपात्रात कठीण खडकाचा आडवा पट्टा आहे त्याच्या वरच्या अंगाला घ्या, पण ऑफिसला फार्ममालक नाराज व्हायला नको होता.

चडफडत परतताना कुईसेबच्या कॅन्यनमधल्या कार्प क्लिफ या कड्याला थांबलो. मे 1940 मध्ये दुसऱ्या महायुद्धातली नजरकैद टाळायला हेन्नो मार्टिन आणि हर्मन कॉर्न हे दोन जर्मन जिऑलॉजिस्ट ओटो नावाचा कुत्रा घेऊन कुईसेबच्या कॅन्यनमध्ये पळाले आणि अडीच वर्षं तिथे राहिले. वर चुन्याने घट्ट बांधलेला गोट्यांचा थर, खालचा मऊ भाग झिजून झालेली कपार, तेच त्यांचं पहिलं घर. टूरिस्ट तिथे उभे राहून साहसकथा सांगतात. मी आधी खाली डोह बघितला. पात्रात खडक आडवा आला की वाळूखालचं पाणी वर येऊन तुंबतं, म्हणजे मी सकाळपासून घसा फोडून जे सांगत होतो तेच. अशा डोहांच्या जिवावर दोघं तगले, पण शिकारीच्या मांसावर दिवस काढता काढता कॉर्नला बेरीबेरी (ब-1 जीवनसत्त्व कमी पडून होणारा आजार) झाला आणि 1942 मध्ये बाहेर यावं लागलं. खडक वाचणाऱ्या माणसाला जीवनसत्त्वाने हरवावं हे काही डोक्यातून जात नाही.

आणि चीड याची येते की कुत्र्याचं नाव सगळ्यांना पाठ, काम कुणालाच नाही. खंड सरकतात म्हटलं की बरेच जिऑलॉजिस्ट अजून नाकं मुरडायचे त्या काळात, 1961 मध्ये, मार्टिनने इथल्या आणि ब्राझीलच्या खडकांची तुलना करून तीच बाजू मांडली, त्यात जुन्या हिमनद्यांच्या खुणाही होत्या. कॉर्न 1946 मध्येच मोटार अपघातात गेला होता. नाउक्लुफ्ट डोंगरांवरचा दोघांचा पेपर मार्टिनने 1959 मध्ये छापला, त्यावर पहिलं नाव कॉर्नचं. आमच्याकडे बोअरच्या रिपोर्टवर सही असते ती साइटवर पाय न ठेवलेल्या साहेबांची.