तडा गेलेल्या तबकडीचा ठेका

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी ती तबकडी मिळाली. ७८ च्या वेगाची, लाखेची, दहा इंची. लेबल जवळजवळ सगळं उडालेलं, 'पद' एवढी दोनच अक्षरं शिल्लक.

"काका, हिला तडा गेलाय हो."

"म्हणून तर पन्नास. धड असती तर दोनशे सांगितले असते."

मी बीट्स बनवतो, म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणांतले तुकडे कापून, उलटेपालटे लावून नवा ट्रॅक करतो. त्यासाठी एखादा जुना बायकी आवाज हवा होता.

घरच्या टर्नटेबलवर ३३ आणि ४५ हेच दोन वेग. तेव्हा ४५ वर वाजवून रेकॉर्ड केलं आणि संगणकात १.७३ पटीनं वेग वाढवला. १९८७ च्या एसपी-१२०० या सॅम्पलरमध्ये, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून वाजवायच्या यंत्रात, जेमतेम १० सेकंदांची जागा असायची, म्हणून अमेरिकेतली हिप-हॉपवाली पोरं ३३ ची एलपी, म्हणजे लांब वाजणारी तबकडी, मुद्दाम ४५ वर वाजवून भरायची आणि नंतर वेग खाली ओढायची. माझा उद्योग त्याच्या उलटा. सुईही वेगळी लागली. ७८ ची खाच रुंद असते, एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी नुसती खरवडत बसते. सुईला तबकडीच्या कित्येक पट पैसे गेले, ते घरी सांगितलेले नाहीत.

आवाज मात्र झकास निघाला. टिपेचा, धारदार, मागे पायपेटी आणि तबला. पायपेटीचा सूर काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधेच कुठेतरी, त्यामुळे माझा बेसच तिच्याकडे सरकवावा लागला. हे जमलं. लय काही जमेना. तीन-सव्वातीन मिनिटांत पद बसवायचं म्हणून मंडळी शेवटाकडे अशी काही धावतात की माझे मिनिटाला ९० ठोक्यांच्या लयीतले ड्रम्स कुठेच टेकेनात. ८४ करून पाहिलं, ९६ करून पाहिलं. दोन संध्याकाळी वाया गेल्या.

मग सगळा राग खरखरीवर काढला. ती साफ करायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते: जे काढून टाकतोय तेवढंच ऐकता येतं. खरखरीबरोबर बाईंचा आवाजही खरवडला जातोय का, हे बघायला मी ते बटण दाबलं. पत्र्यावर भुरभुर पाऊस पडावा तशी खरखर, आणि तिच्यात, अगदी न चुकता, टक. टक. टक.

स्वयंपाकघरातून आईची हाक आली, "अरे, नळ टपकतोय का बघ जरा!"

मोजलं तर मिनिटाला ७८. तरी माझी ट्यूब पेटायला वेळ लागला. तबकडी मिनिटाला ७८ वेळा फिरते, प्रत्येक फेरीला तडा एकदा सुईखाली येतो. मी दोन दिवस जी लय शोधत होतो ती पन्नास रुपयांत आधीच घरी आली होती.

साफसफाई तिथेच थांबवली. नीट ऐकलं तर ती नुसती टकही नव्हती. तड्याच्या दोन कडा केसभर वरखाली असणार. सुई त्यावरून उडी मारते तेव्हा टकच्या खाली एक जाडसर 'धप' येतो. मी माझा किक ड्रम काढूनच टाकला. मधल्या रिकाम्या जागेत हलगीवरच्या काडीचा एक ठोका ठेवला, बस. बाईंचे तुकडे शब्दांवर कापायचे सोडून श्वासांवर कापले. तानेआधी त्या जो झटकन श्वास घेतात तो टकवर बसवला, आणि पुढची तान लय सोडून खुशाल कुठेही गेली तरी खटकेना.

तडा कडेपासून इंचभरच आत जातो, त्यामुळे सव्वा मिनिटानंतर टक बंद. पहिल्यांदा मी एक टक उचलून शेवटपर्यंत चिकटवली. मेलेली वाटली. खऱ्या टका एकसारख्या नसतात, गाणं मोठं झालं की दबतात, श्वासाला वर येतात. म्हणून चिकटवलेल्या सगळ्या पुसल्या. जिथे तडा संपतो तिथे आता माझा बेसही थांबतो आणि एकटी पायपेटी राहते. ट्रॅकमधली माझी सगळ्यात आवडती जागा ती, आणि तिच्यात माझी करामत काडीची नाही.

राहिला हक्कांचा प्रश्न. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क ६० वर्षं चालतो, शब्दांचा आणि चालीचा वेगळा. पण लेबलच नाही तर साल कुठून काढणार आणि परवानगी कुणाला मागणार? तेव्हा बाईंचा आवाज असलेला ट्रॅक घरातच वाजतो. मित्रांना पाठवला त्यात टक, हलगी आणि बेस, आणि बाई गात होत्या तिथे मोकळी जागा.

दुसरी बाजू मी महिनाभर लावलीच नव्हती. परवा लावली. तडा आरपार गेलाय, त्यामुळे टक तिथेही आहे.

आई म्हणाली, "आता न्हाणीघरातला का?"