‘हेरिटेज’: ग्राउलपेक्षा गेन गेला हे महत्त्वाचं

शनिवार, रात्री उशिरा

ओपेथ या स्वीडिश मेटल बँडचा ‘हेरिटेज’ अल्बम आज पुन्हा सलग ऐकला. २०११ च्या सप्टेंबरात आला तेव्हापासून त्याच्याबद्दलचं पहिलं वाक्य ठरलेलं: ग्राउल (घशातून काढलेला गुरगुरता गाण्याचा आवाज) गेले. पण ग्राउल २००३ च्या ‘डॅम्नेशन’मध्येही नव्हते. आणि २०२४ च्या अल्बममध्ये ते परत आले, तरी बँड काही जुन्या जागी परतला नाही. बदलाचं मूळ गळ्यात नाही, गिटारच्या गेनमध्ये आहे. गेन म्हणजे अ‍ॅम्पमध्ये सिग्नल किती वाढवायचा ते; तो जास्त झाला की आवाज फाटतो, तेच डिस्टॉर्शन.

भरपूर डिस्टॉर्शनमध्ये दोन स्वर एकत्र छेडले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे जादा स्वर तयार होतात. सा आणि प यांचं प्रमाण २:३, म्हणून वजाबाकीचा स्वर बरोबर खालच्या सप्तकातल्या सा वर पडतो. पॉवर कॉर्ड (फक्त सा आणि प) इतका भरदार वाटतो तो यामुळेच. त्यात गंधार आणि कोमल निषाद घाला, जादा स्वर एकमेकांत अडकतात आणि नुसता चिखल होतो. गेन उतरवला की हेच चार स्वरांचे कॉर्ड मोकळे ऐकू येतात. ‘हेरिटेज’मध्ये जॅझची सावली आहे ती या मोकळीकीतून आलेली.

याची किंमतही आहे. कमी गेनवर स्वर लवकर विझतो. ती पोकळी इथे हॅमंड ऑर्गन आणि मेलोट्रॉन हे टेपवर चालणारं कीबोर्ड वाद्य भरतात. मेलोट्रॉनच्या प्रत्येक पट्टीखाली टेपचा वेगळा तुकडा असतो, साधारण ८ सेकंदांचा. तो संपला की स्वर बंद, आणि बोट उचलल्याशिवाय टेप मागे जात नाही. म्हणून ते वाद्य ताणून धरता येत नाही, कॉर्ड हलवत राहावे लागतात. गिटारची भिंत हटल्यामुळे मार्टिन मेंडेझचा बास पुढे आला आणि ड्रमर अक्सेनरोटचे स्नेअर ड्रमवरचे अगदी हलके फटकेही कळू लागले. अल्बमचं मिक्सिंग करणाऱ्या स्टीव्हन विल्सनने ही हवा बुजवली नाही, हे फार चांगलं केलं.

वाजवून बघणाऱ्यांची पहिली चूक म्हणजे आधीच्या ‘वॉटरशेड’ अल्बमचाच गेन ठेवणं. १० पैकी ३-४ पुरे, तोही गिटारचा व्हॉल्यूम ७ च्या आसपास ठेवून. दुसरी चूक, मिड (आवाजाचा मधला पट्टा) कापायचे. जड टोनमध्ये ते खपतं, इथे आवाज कागदासारखा पातळ होतो. तिसरी, उजव्या हाताचे असमान फटके, जास्त त्रास देते: जास्त गेन लहानमोठे फटके दाबून सारखे करतो, कमी गेन प्रत्येक कच्चा फटका दाखवतो. ‘स्लिदर’ हे गाणं वेगात नीट वाटत नसेल तर आधी निम्म्या वेगात, मेट्रोनोम लावून, फक्त उजवा हात.

अल्बम निर्दोष नाही. काही गाण्यांत एक भाग शांततेत संपतो आणि पुढचा त्याच्याशी नातं न सांगता सुरू होतो. ते सांधे अजूनही उघडे वाटतात. ‘फॅमिन’ या गाण्यात मात्र तेच जमलंय. ब्यॉर्न जेसन लिंद यांची श्वास ऐकू येणारी बासरी, पियानो, आणि मग तो संथ, जड रिफ (पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा). आधीची शांतता इतकी खोल आहे की थोड्याच गेनचा रिफही अंगावर येतो.

जुन्या अल्बमशी तुलना करायची तर दोन्हींचा आवाज आधी कानाने जुळवून घ्यावा. जो थोडा मोठा वाजतो तोच उगाच सरस वाटतो.

उद्या ‘फॅमिन’ पुन्हा, फक्त बासवर कान ठेवून.