आईची किडनी बायोप्सी आणि रिपोर्टमधले गायब आकडे

आईचं क्रिएटिनिन (रक्तातला हा आकडा वाढला की किडनी बिघडतेय) तीन आठवड्यांत १.४ वरून ४.६ वर गेलं, लघवीत रक्त, एएनसीए टेस्टमध्ये (आपल्याच पेशींवर उठणाऱ्या अँटीबॉडीजची तपासणी) एमपीओ हा प्रकार पॉझिटिव्ह. व्हॅस्क्युलायटिस, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती बारीक रक्तवाहिन्यांवर उठते. अ‍ॅडमिशन, सलाइनमधून स्टेरॉइड, बायोप्सी, सगळं भराभर झालं.

अडकलो ते रिपोर्टपाशी. पाचव्या दिवशी कागद मिळाला, त्यावर 'पॉसी-इम्यून क्रिसेंटिक ग्लोमेरुलोनेफ्रायटिस' (याच आजाराने किडनीच्या गाळण्यांना, म्हणजे रक्त गाळणाऱ्या बारीक गुच्छांना, आलेली सूज) आणि खाली सही, बस्स. नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचे डॉक्टर, म्हणाले, "निदान बरोबर आहे, पण एकूण गाळण्या किती, चांगल्या किती हे लिहिलेलंच नाही, मी पुढचं काय सांगू तुम्हाला?" किडनी किती वाचेल याचा अंदाज त्या मोजणीवरच असतो हे मला तेव्हा कळलं. निम्म्याहून जास्त गाळण्या शाबूत असतील तर सगळ्यात बरं, निम्म्याहून जास्त वाळून गेल्या असतील तर सगळ्यात वाईट. २०१० च्या वर्गीकरणात पाच वर्षांनी किडनी चालू असण्याचं प्रमाण पहिल्या गटात ९३ टक्के होतं आणि शेवटच्या गटात ५०, एवढा फरक!

लॅबच्या खिडकीवर गेलो तर "रिपोर्ट साइन झालाय, आता बदलत नाही". दुसऱ्या दिवशी म्हणे डॉक्टरांचं पत्र आणा, पत्र आणलं तर रिपोर्टवर सही करणारे सर रजेवर, तिसऱ्या दिवशी खिडकीवर माणूस वेगळा, परत पहिल्यापासून सांगा. वर आई बेडवर पडून विचारतेय "काय रे, डायलिसिस लागणार का?" आणि माझ्याकडे उत्तर नाही. स्लाइड आत कपाटात पडलेली, मोजायला अर्धा तास लागला नसता, याचा संताप अजून जात नाही. चौथ्या दिवशी खिडकी सोडून सरळ आत गेलो, तिथल्या एका मॅडमनी माझ्यासमोर मायक्रोस्कोप लावला. एकूण २२, चांगल्या ४, क्रिसेंट (आत पेशींची चंद्रकोर होऊन दाबल्या गेलेल्या) १२, वाळलेल्या ६, गाळण्यांच्या मधल्या भागात फायब्रोसिस (व्रणासारखा कडकपणा) २० टक्के. मला तिथेच रडू आलं.

डॉक्टरांनी लगेच रिस्क स्कोअर काढला, म्हणजे किडनी जाण्याचा धोका गुणांत मोजला. चांगल्या गाळण्या १८ टक्के म्हणून ४ गुण, ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज) १५ च्या खाली म्हणून ३, फायब्रोसिस २५ टक्क्यांच्या आत म्हणून शून्य. ११ पैकी ७, म्हणजे मधल्या धोक्याचा गट. ८ पासून जास्त धोक्याचा. क्रिसेंट बहुतेक ताजे होते, ते औषधाने निवळू शकतात, वाळलेली गाळणी मात्र परत येत नाही. रिटुक्सिमॅब हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू झालं.

हो, एक राहिलंच, घरात कुणी अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करायची गोळी घेत असेल तर बायोप्सीच्या आधीच सांगा, आमच्या आईने हे आदल्या रात्री सांगितलं. आणि तुकडा घेताना दहा तरी गाळण्या आल्या का हेही विचारा, त्याहून कमी असतील तर अंदाज कच्चा. स्टेरॉइड मात्र रिपोर्टसाठी थांबवलं नव्हतं, तेच बरं झालं.

आता क्रिएटिनिन १.९ आहे. मॅडमनी हाताने आकडे लिहिलेला तो कागद आईच्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावलाय.