पवनचक्कीच्या ठरावात माळ कसा आणला

पवनचक्कीच्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागत नाही, हे मला मावशीच्या गावात कंपनीची माणसं मोजणीला आली तेव्हा कळलं. २००६ च्या ईआयए, म्हणजे पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या, अधिसूचनेत पवनऊर्जा धरलेलीच नाही. म्हणजे आघात अहवाल नाही, जनसुनावणी नाही. प्रदूषण नियंत्रणाच्या वर्गवारीत तर ती ‘पांढऱ्या’, म्हणजे जवळजवळ प्रदूषण न करणाऱ्या, गटात. धूर नाही, सांडपाणी नाही, विषय संपला. माळावर कोण राहतं हे विचारायला दोनच जागा उरतात: जमीन वनखात्याची असेल तर वनखातं, आणि दुसरी ग्रामसभा. मी नाशिकला नोकरी करतो, सुट्टीला दुर्बीण घेऊन नांदूरमध्यमेश्वर नाहीतर ममदापूर गाठतो; कायद्यातलं मला काही कळत नव्हतं. ज्यांच्या शिवारात सध्या असेच मोजणीवाले फिरताहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

गाव सिन्नर-अकोले हद्दीजवळचं. पट्टा किल्ल्यावर गेलेल्यांनी त्या डोंगररांगेवरच्या पवनचक्क्या पाहिल्याच असतील, त्यामुळे गावाला हे यंत्र नवं नाही. मीही त्याच्या विरोधात नाही. एकलहऱ्याच्या कोळशावरच्या वीजकेंद्राची धुरांडी रोज बघणाऱ्याने वाऱ्याच्या विजेला नावं ठेवू नयेत. भांडण फक्त जागेचं होतं.

सुरुवात सातबाऱ्यापासून. माळाचे गट काढले तेव्हा काही खासगी, त्यात निम्मी पोटखराबा म्हणजे पिकाखाली न येणारी, काही गायरान, आणि वरच्या धारेचा एक तुकडा वनखात्याचा आहे की नाही यावर गावात दोन मतं. तो तुकडा महत्त्वाचा, कारण वनजमीन असेल तर १९८० च्या वन कायद्याखाली केंद्राची परवानगी लागते आणि प्रस्ताव केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर दिसतो. माहिती अधिकारात अर्ज केला. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो, त्यामुळे नकाशाचा वेगळा, पत्रव्यवहाराचा वेगळा. प्रत्येकी दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. तीस दिवस संपता संपता उत्तर आलं, ‘माहिती एकत्रित स्वरूपात उपलब्ध नाही.’ पहिलं अपील, वीस रुपये. सुनावणीत मी एकच मागितलं, कागद शोधून देऊ नका, नुसती फाईल बघू द्या. ते मान्य झालं आणि नकाशा दिसला. तुकडा वनखात्याचाच निघाला. (फाईल बघायला जाताना मोबाईल चार्ज करून जा, झेरॉक्सवाला नेमका त्या दिवशी बंद असतो.)

दुसरं काम मोजदादीचं, आणि यात खरी मजा होती. माझ्याबरोबर मावसभाऊ आणि मेंढरं राखणारे एक बाबा. मी पुस्तकातली नावं सांगायचो, माळटिटवी, धाविक, चंडोल, हिवाळ्यात येणारे भोवते हे शिकारी पक्षी; बाबा कुठल्या दगडाच्या आडोशाला अंडी असतात ते दाखवायचे. माळटिटवीचं घरटं म्हणजे नुसती खोलगट माती. चार अंडी, मुरमाच्याच रंगाची, पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. डंपरच्या चाकाला तर मुळीच दिसणार नाहीत. मी पात्यांबद्दल बोलत होतो तेव्हा बाबांनी थांबवलं. “पात्याचं राहू द्या दादा. ते वर फिरतंय. रस्ता झाला की खालनं मोटरसायकली येत्यात, रातचे ससे मारणारे येत्यात, आन् त्यांच्या मागं गावची कुत्री. खोकडाचं बीळ तिथं टिकत न्हाई.” नव्या यंत्राचं एकेक पातं साठ-सत्तर मीटर लांब, ते वर न्यायला वळणं रुंद कापावी लागतात, उतार फोडावा लागतो. पवनचक्कीखालची जागा थोडीच, माळ तुटतो तो तिथवरच्या रस्त्याने.

आमच्या यादीत गिधाड नव्हतं. पण अंजनेरीचे कडे गिधाडाला काही लांब नाहीत, आणि गिधाड उडताना मान खाली घालून जमीन बघतं, समोरचं त्याला दिसत नाही. म्हणून धारेवरच्या जागांबद्दल मी हट्ट धरला.

ग्रामसभेचा नियम असा की पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यांत जे कमी असेल तेवढे हजर हवेत. नाहीतर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. तिथेच ठराव गुपचूप होतात. म्हणून आम्ही पहिल्याच सभेला माणसं आणली. कोणीतरी विचारलं, “पाखरांचं भाडं कोण देतं?” हसले सगळे. प्रश्न रास्त होता. ज्याची जमीन करारावर जाणार त्याला पैसे हवेत. मी साताऱ्याच्या चाळकेवाडी पठाराचं सांगितलं. २०१८ साली छापून आलेल्या अभ्यासात पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी आढळले आणि त्यांचं भक्ष्य असलेले सरडे वाढले होते. शिकारी पक्षी गेले तर उंदीर कोण आवरणार, हे मला सांगावं लागलं नाही, मागच्या बाकावरून एका मावशींनीच विचारलं. बाजरीवाल्या त्या.

ठरावात शेवटी बसलं ते असं: वर जायला जुनी गाडीवाटच रुंद करायची, पायथ्याशी फाटक, तळ्याच्या बाजूने तारा जमिनीखालून, मार्च ते ऑगस्ट गायरानात माती खोदायची नाही, यंत्रांखाली दर महिन्याला मेलेले पक्षी आणि वटवाघळं शोधायची, गावची दोन पोरं आणि वनरक्षक मिळून. मेलेलं पाखरू कोणी उचलायचं नाही, फोटो काढून कळवायचं आणि पंचनामा करायचा. नॉर्वेत एक पातं काळं रंगवल्यावर पक्षी आदळणं बरंच कमी झालं, तेही मी सुचवलं. कंपनीचा माणूस म्हणाला ते आमच्या हातात नाही. मंद वाऱ्यात रात्री यंत्र थांबवलं तर वटवाघळं वाचतात, यावरही तो गप्पच राहिला. वीज कमी होते ना.

धारेवरच्या दोन जागा कंपनीने खाली सरकवल्या. तिसरी तिथेच आहे, वनजमिनीबाहेर अगदी काठावर, आणि तिचं काही करता आलं नाही. तुम्ही करणार असाल तर एक ध्यानात ठेवा, ठराव इतिवृत्ताच्या वहीत लिहिला जातोय ना ते समोर बसून बघा, सुट्या कागदावर नको. सह्यांआधी भाऊसाहेबांना, म्हणजे ग्रामसेवकांना, मोठ्याने वाचायला लावा आणि त्याच आठवड्यात साक्षांकित नक्कल मागून घ्या.