पाऊण इंचाचा उतार

इंदूरहून महेश्वर जेमतेम ९०-९५ किलोमीटर. एवढ्याला आमच्याकडे कुणी प्रवास म्हणत नाही. पण मानपूर यायच्या आत मी तीनदा गाडीवरून उतरलो होतो. पहिल्यांदा महूला (कागदावर २००३ पासून डॉ. आंबेडकर नगर, बोलण्यात अजून महूच) चहाचं निमित्त काढून. दुसऱ्यांदा निमित्तही नव्हतं. तिसऱ्यांदा मागे बसलेली आई म्हणाली, "अरे, चहा पुरे. दुसरी गाडी घे."

खरं तर बूड दुखतं म्हणूनच मी सीटवर जेलची गादी ऑनलाइन मागवून घातली होती. सकाळी मऊ लागली, ऊन चढल्यावर तव्यासारखी तापली. मानपूरनंतर रस्ता विंध्य उतरून नर्मदेच्या खोऱ्यात जातो. तिथे ब्रेक दाबला की मी टाकीवर आणि आई माझ्यावर. मग हँडलवर जोर देऊन स्वतःला मागे रेटायचं. धामनोद येईतो मनगटं बधिर.

महेश्वरला किल्ल्याखालच्या घाटावर आम्ही दीड तास बसलो. अहिल्याबाईंची राजधानी, समोर नर्मदा, खाली उघडा दगड, आणि माझं काहीही दुखत नव्हतं! आईला हे आश्चर्य सांगितलं, तर म्हणाली, "दगड तुला पुढे ढकलत नाही ना."

हे वाक्य घेऊनच मी इंदुरात सीटवाल्याकडे गेलो. त्यानं आधी जेलची गादी काढून बाजूला फेकली, मग सीटमध्ये अंगठा खुपसला. अंगठा थेट खालच्या प्लास्टिकला लागला. "भिया, ये सोफा है, सीट नहीं." मऊ फोम दहा मिनिटं सुख देतो, मग चेपतो, आणि बैठकीच्या दोन हाडांवर सगळं वजन येतं. नंतर मला गाडी सरळ धरायला लावून त्यानं सीटवर एक गोटी ठेवली. गोटी निवांत घरंगळत टाकीला जाऊन टेकली.

उतारात माझाही हात होता. आई मागे बसणार म्हणून मी मागचे शॉकअप सगळ्यात कडक खाचेवर नेले होते. आईचं वजन ते किती! मागची बाजू उचललेली आणि सीट आणखी पुढे कललेली. त्यानं ते दोन खाचा खाली घेतले. सीटच्या पुढच्या भागात पाऊण इंच रिबॉन्डेड फोम (फोमचे तुकडे दाबून केलेला, कडक) चिकटवला, वर मऊ फोमचा पातळ थर, आणि मांडीखाली टोचणारी रेक्झिनची शिवण बाजूला सरकवली. गोटी पुन्हा ठेवली. ती जागची हलली नाही. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

हँडलचं काम पाच मिनिटांचं. क्लॅम्प ढिले करून हँडल किंचित माझ्याकडे वळवलं, दोन्हीकडे पूर्ण फिरवून केबल ताणत नाही ना पाहिलं. ब्रेक आणि क्लचचे लिव्हर थोडे खाली केले, म्हणजे बोटं टेकवल्यावर मनगट न मोडता कोपरापासून सरळ रेषेत राहतं. एवढी साधी गोष्ट मी चार वर्षं केली नव्हती.

फुकट काही मिळत नाही. सीट उंच झाली, त्यामुळे इंदूरच्या राजवाड्यापाशी गर्दीत आता टाचा टेकत नाहीत, चवड्यांवर तोल सांभाळावा लागतो. आणि कडक सीटवर पहिले दोन दिवस वाटलं, बाराशे रुपये पाण्यात गेले.

पुढच्या महिन्यात पुन्हा महेश्वर. या वेळी महूला थांबलो नाही, पुढेही नाही. घाटात गुडघ्यांनी टाकी धरली, हात सैल राहिले, जागचा सरकलो नाही. मानपूरही मागे पडलं होतं. मी विजयी मुद्रेनं आरशात पाहिलं, तेवढ्यात आईनं पाठीवर थाप मारली.

"थांब जरा. सीट तुझीच दुरुस्त केलीस, माझी राहिली."