सॉलिड

मे महिन्यात सोलापुरात दुपारी दोन वाजता शहाण्या माणसाने फक्त झोपावं. खिडकीला चादर भिजवून लावलेली, मी फरशीवर आडवा. भाची सुट्टीला आली होती, पण लॅपटॉपसकट. म्हणजे सुट्टी सोलापुरात आणि बॉस लंडनमध्ये. कूलरसमोरची जागा अर्थातच तिची.

"मामा, वाट लागली."

"काय झालं?"

"बॉसने लिहिलंय, सॉलिड एफर्ट."

मी उठूनच बसलो. "अगं, मग पेढे आण की!"

दहाचं नाणं न घेणाऱ्या दुकानदाराकडे आपण जसं बघतो, तसं तिनं माझ्याकडे बघितलं. "त्यांचं सॉलिड म्हणजे ठीकठाक. मेहनत दिसली, बाकी काही दिसलं नाही."

घ्या. चाळीस वर्षं हा शब्द मी वाट्टेल तिथे उधळत आलोय.

आमच्या गल्लीत तो आला एका उन्हाळ्यात, मित्राच्या मुंबईच्या आत्तेभावाबरोबर. तोवर सॉलिड फक्त शेजारच्यांच्या रेडिओवर होता, 'सॉलिड स्टेट' असा. मराठी शाळेत तर त्याचं नाव घन, द्रव आणि वायूच्या आधी पाठ करायचा. आत्तेभाऊ रिक्षातून उतरला, कपाळ पुसलं आणि म्हणाला, "काय सॉलिड ऊन आहे रे तुमच्याकडे!" त्रेचाळीस डिग्रीचा आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा अभिमान वाटला.

मग काय. पिक्चर सॉलिड, भूक सॉलिड, मास्तरांचा मार सॉलिड, गड्ड्याच्या जत्रेतला मौत का कुआँ तर सॉलिडच. आमच्या गल्लीत दोन घरं तेलुगू बोलायची, तीन कन्नड, कोपऱ्यावर दखनी. पण "सॉलिड बे!" सगळीकडे चालायचं. एकदा मी जेवताना "आमटी सॉलिड पातळ झालीय" म्हणालो, आणि आईच्या रागावण्याखेरीज त्यात कुणाला काही खटकलं नाही.

आज्जीला मात्र खटकायचं. ती चुलीपुढे भाकऱ्या कडक करत बसलेली असायची. पातळ थापायच्या, भाजायच्या, पार वाळू द्यायच्या, की महिनाभर डब्यात राहतात. मोडली की काडकन आवाज यायला पाहिजे, नाहीतर ती भाकरी आज्जीच्या हिशेबी नापास. तिनं एकदा विचारलं, "सॉलिड म्हंजे काय रं?"

"म्हणजे... घट्ट. कडक."

"मग कडक म्हन की."

हल्ली पोरं खरंच 'कडक' म्हणतात, फोटोला, गाडीला, चहाला. आज्जी त्यांच्या चाळीस वर्षं पुढे होती. (शेंगाचटणी, दही आणि कडक भाकरी यांच्याबद्दल मी इथे मुद्दाम काही लिहीत नाही, विषय भरकटेल.)

पुढे वाचनात आलं की आमचा अर्थ अगदीच बेवारशी नव्हता. कॅब कॅलोवे नावाच्या जाझ गायकाने १९३८ साली न्यूयॉर्कच्या जाझवाल्यांच्या बोलीचा एक छोटा कोश काढला, त्यात सॉलिड म्हणजे झकास असंच दिलंय. शब्दाचं मूळ लॅटिनमधलं. रोमन लोकांच्या सोन्याच्या नाण्याचं नावच सॉलिडस होतं, आणि पगारी शिपायाचा सोल्जर झाला तोही त्याच नाण्यामुळे. हे सगळं मी भाचीला सांगितलं. ती म्हणाली, "मामा, माझा बॉस जाझ ऐकत नाही."

तिचा उतरलेला चेहरा बघून मला अण्णा आठवले. अण्णा चादरीच्या कारखान्यात होते, पूर्व भागात. इंग्रजीचा गंध नाही, पण बोलायचे अगदी या लंडनवाल्यासारखे. चादर मागावरून उतरली की उजेडाकडे धरायची, काठ ओढून बघायचा, मोराच्या नक्षीवरून अंगठा फिरवायचा आणि म्हणायचं, "बरं हाय." याच्या वरचा शब्द त्यांच्याकडे नव्हता. वाईट मालाला ते काहीच म्हणायचे नाहीत, नुसते बाजूला ठेवायचे. मला दहावीला बहात्तर टक्के पडले तेव्हा त्यांनी गुणपत्रिका वाचली, मागची कोरी बाजूही बघितली. "बरं हाय."

आई म्हणाली, "एवढंच?"

"मग काय नाचू?"

मी त्या दिवशी गच्चीवर जाऊन रडलो होतो. सॉलिड रडलो होतो, आमच्या अर्थाने.

भाचीला हे सांगितलं नाही. ती अजून त्या दोन शब्दांकडेच बघत होती. "मामा, खरं सांग, हे चांगलं समजायचं की वाईट?"

खिडकीवरची चादर वाळायला आली होती. अण्णांनी 'बरं हाय' म्हटलेल्यांपैकीच ती एक. रंग पार उडालाय, मोर ओळखायला येत नाही, पण काठ अजून सुटलेला नाही. मी बादली घेऊन तिच्यावर पाणी मारायला उठलो.